उडीच्या आधीचं

संगणकानं सकाळी सकाळीच मान टाकली. 'जागा शिल्लक नाही' एवढं सांगून तो गप्प झाला, आणि कोचबाईंनी हातातला टॉवेल खुर्चीवर आपटला.

"अहो, बघा ना जरा. कालचे व्हिडिओ घेतच नाहीये हा."

कोचबाई मोठ्या माणसांना पोहायला शिकवायच्या. तलावाच्या काठावर कॅमेरा लावायचा, शिष्यांच्या उड्या टिपायच्या आणि घरी येऊन चुका शोधायच्या, ही त्यांची पद्धत. पण कॅमेरा एकदा सुरू केला की बंद करायचं त्यांच्या गावीही नसे. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या लिखाणातलं फालतू उडवण्यात उभी हयात गेलेली, आणि निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होते.

"तू जा तलावावर," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत लख्ख करून ठेवतो."

लेकीला फोन लावून त्यांनी व्हिडिओ कापायची रीत समजून घेतली. सुरुवातीची खूण इथे ओढायची, शेवटची तिथे, मधलं तेवढं ठेवायचं.

"पण बाबा, मूळ फाइल लगेच पुसू नका हं. आधी आईला दाखवा."

"अगं, जागाच नाही म्हणून कापतोय ना? मूळ फाइल काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

मग ते जे बसले ते जेवायलाही उठेनात. कुणी चष्म्याचा पट्टा ओढतंय, कुणी टोपीत केस कोंबतंय, कुणाची नुसती सावली फरशीवरून जातेय. कापा! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर कहर केला होता. पन्नाशी उलटल्यावर पोहायला लागलेल्या या बाई उडीच्या ओट्यावर चढायच्या आणि उभ्या राहायच्या त्या उभ्याच, जणू तिथे बस यायची होती. सगळ्या व्हिडिओंत तेच. यजमानांनी प्रत्येक व्हिडिओ थेट पाण्याच्या शिंतोड्यापासून सुरू केला, मूळ फाइली पुसल्या, रिसायकल बिनही रिकामा केला. निम्मा संगणक मोकळा झालेला पाहून त्यांना इतका आनंद झाला, की स्वतःच्या हातानं चहा करून प्यायले.

संध्याकाळी कोचबाई उत्साहानं बसल्या, आणि थबकल्या.

"ह्या एकदम पाण्यातच कशा? उडीच्या आधीचं कुठेय?"

"आधी काय होतं? नुसत्या उभ्या होत्या की!"

"अहो, ते उभं राहणंच तर शिकवतेय मी त्यांना!" कोचबाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आधी त्या कठडा सोडत नव्हत्या. मग सोडला, पण डोळे मिटून. स्पर्धेत उतरण्याआधी सगळं ओळीनं दाखवणार होते, म्हटलं बघा, कुठून कुठे आलात."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा लेकीला फोन झाला. "बिनही रिकामा केलात? मग गेलं, बाबा," एवढंच ती म्हणाली. 'मी सांगितलं होतं' असं काही म्हणाली नाही, आणि ह्यांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कोचबाई निघाल्या, तर हे बूट घालून दारात हजर.

"तुम्ही कुठे?"

"डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवायला."

ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत ते काठापर्यंत गेले आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई खदखदून हसल्या. "सगळं पुसलंत? देव भलं करो तुमचं! ती थरथर मला कुठे पुन्हा बघायची होती? पण बाईंपुढे बोलायची सोय नाही."

"बाईंना ऐकू येतंय," कोचबाई मागून म्हणाल्या.

त्या दिवशी कॅमेऱ्यामागे हे उभे राहिले. डॉक्टरीणबाई ओट्यावर चढल्या. आता ह्यांना दिसलं, की पायाची बोटं ओट्याची कड आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात. कानाला भिडलेले खांदे हळूहळू खाली येतात. ओठ हलतात. आणि मग उडी.

"उडीच्या आधी काय पुटपुटता हो?" बाई वर आल्यावर ह्यांनी विचारलं.

बाई लाजल्या. "'आ करा, काही होणार नाही.' पेशंटला म्हणते ना, तेच. त्यांचं तोंड उघडतं, माझे पाय सुटतात."

कोचबाई बघतच राहिल्या. इतके दिवस त्यांनी ते व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून पाहिले होते, पण ओठांकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. "मग एवढं लांबलचक कशाला? नुसतं 'आ' म्हणा!"

बाईंनी म्हणून पाहिलं. बस यायच्या आत पाण्यात! तिघंही लहान मुलांसारखी ओरडली.

स्पर्धेत डॉक्टरीणबाई शेवटून दुसऱ्या आल्या. त्यांनी टोपी हवेत उडवली, आणि ती पाण्यात पडली तर पुन्हा उडी मारून घेऊन आल्या, कुणी सांगितलेलं नसताना. ह्यांनी तेही टिपलं.

नंतर तिघं बाकावर चहा-बिस्किटं घेऊन बसली. डॉक्टरीणबाई ह्यांच्याकडे निरखून बघत होत्या.

"तुम्ही डावीकडनंच चावता. उजवी दाढ दुखते ना?"

"छे, छे."

"दोन महिने दुखतेय," कोचबाई म्हणाल्या. "घाबरतात."

"उद्या सकाळी या. पहिला नंबर तुमचा."

ह्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं हसू दाबत बिस्किटाचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

"येतो," ते म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवलं.