काम बंद नाही

मी हिमरू शालींची वेबसाइट बोलतेय, आणि चिडून बोलतेय. पडेगावच्या इब्राहीमभाईंनी हौसेनं मला बनवून घेतलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम त्यांचं. मागावर बसायची ती त्यांची बायको, शाइस्ता. माझ्यात फोटो टाकायची, पत्रांना उत्तरं लिहायची तीही शाइस्ताच. पण सगळं इब्राहीमभाईंच्या नावानं, त्यांच्याच पासवर्डनं! तिचं नाव माझ्यात कुठंच नव्हतं, आणि कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

इब्राहीमभाई अचानक गेले. शाइस्तानं रडत रडत माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, 'मालकांचं निधन झालं. काम बंद आहे.' चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्यांचे कपडे, घड्याळ, मोबाइल, सगळं वाटून टाकलं. मोबाइल गेला करमाडच्या बद्रीनाथकडे. तो त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायचा. सिमकार्ड काढून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही.

पुढं शाइस्ता सावरली, मागावर बसली. एका मोठ्या प्रदर्शनात गाळा मिळायची आशा होती. प्रदर्शनवाले आधी मला बघणार होते. म्हणून ती सूचना पुसायला आली, तर मी तिला आत घेईना! घेणार कशी? मला सांभाळणाऱ्या सार्थकनं कुणाला न विचारता माझं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुने पासवर्ड रद्द. नवा हवा, तर कोड मालकाच्या मोबाइलवर जाणार. मेलेल्या माणसाच्या मोबाइलवर! सार्थकनं हात वर केले. म्हणे, भाभी, सिस्टीमला मालकच लागतो.

अस्सा संताप आला मला! जिनं मला वाढवलं तिलाच मी दारात उभं केलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'काम बंद आहे' असं धडधडीत खोटं सांगत होते.

शेवटी माझ्यासमोर बसूनच तिनं कोड मागवला आणि नवऱ्याचा नंबर लावला. बद्रीनाथनं उचलला आणि कोण बोलतंय हे न विचारताच सांगून टाकलं, "मालक नाय राहिले. काम बंद हाय." म्हणजे इतके दिवस हाही बिचारा इमानानं तेच सांगत होता!

शाइस्ताचा आवाज चढला. "काम बंद नाय, बद्रीनाथ. विणणारी मीच होते, मीच हाय."

 बद्रीनाथ "चुकलं, भाभी" म्हणाला आणि आलेला कोड एकेक आकडा करून वाचला.

ती आत आली. मालकाच्या रकान्यात नाव तेच ठेवा, गिऱ्हाइकं त्यालाच ओळखतात, असं सार्थकनं सुचवलं. तिनं ऐकलं नाही. स्वतःचं नाव घातलं. सूचनेतलं पहिलं वाक्य तसंच ठेवलं, दुसरं पुसलं आणि तिथं लिहिलं, 'काम चालू आहे. विणणारी शाइस्ता.'

गाळ्याचं अजून कळलेलं नाही. माझा रागही गेलेला नाही. तुमच्याही घरात अशी एखादी असेल, सगळं करणारी आणि नाव कुठंच नसलेली. माणूस जायची वाट बघू नका. तिचं नाव आजच लिहा.