चाकू मिटेपर्यंत

फ्रान्समधल्या आमच्या ओब्राकच्या पठारावर घरातल्या थोरल्यानं चाकू मिटला की जेवण संपतं. पोट भरलेलं असो वा नसो. त्याआधी कुणी उठत नाही. माझ्या वडिलांना नेहमी घाई असायची. ते चाकू मिटायचे आणि आम्ही भावंडं तोंडातला घास चावत गोठ्याकडे पळायचो. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. जेवताना जो तो आपापला चाकू खिशातून काढून ताटाशेजारी ठेवतो, पण सगळ्यांची नजर एकाच चाकूवर असते.

माझा चाकू मला नोएलीनं दिला, आमचं लग्न ठरलं तेव्हा. लायोल गावात घडवलेला, चांगल्यातला. गायीच्या शिंगाच्या टोकाची मूठ, पाठीवरच्या स्प्रिंगच्या टोकाला कोरलेली मधमाशी, मुठीत बारीक खिळ्यांचा क्रूस. आमच्याकडे चाकू फुकट घेत नाहीत. घेतला तर प्रेम कापलं जातं म्हणतात. म्हणून मी लगेच खिशातलं नाणं काढून तिला दिलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"दुसरं नाही माझ्याकडे," मी म्हणालो. खरंच नव्हतं.

त्या चाकूनं मी आयुष्यभर पाव कापला, सॉसेज कापलं, वासरांच्या दोऱ्या कापल्या, आमच्या लेकीच्या, सोलांजच्या बुटाच्या गाठी सोडवल्या. धार लावून लावून पातं अरुंद झालं. मुठीवर जिथं माझा अंगठा बसतो तिथं शिंग फिकट पडलंय. हा चाकू मिटताना एक गोष्ट सांभाळायची असते. पातं हातानं धरून हळूच आत न्यायचं. सोडून दिलं तर ते खाडकन स्प्रिंगवर आपटतं आणि धारेला दात पडतो, खाच पडते. आमच्याकडची पोरं हे चालायला लागल्यापासून शिकतात.

नोएलीला जेवण संपलेलं आवडायचं नाही. तिच्या गप्पा शेवटच्या चीजपाशी सुरू व्हायच्या. कुणाची गाय कुणाच्या कुरणात शिरली, पाद्रीबुवा प्रवचनात कुठं अडखळले. माझा हात चाकूकडे गेला की ती तिचा हात पुढे करायची.

"दे तुझा. माझा बोथट झालाय. चीजचा एक शेवटचा तुकडा घेते."

तिचा चाकू बोथट कधीच नसायचा. माझ्याहून धारदार असायचा. पण माझा चाकू तिच्या हातात असला की मला तो मिटता यायचा नाही. मग ती नखाएवढा तुकडा कापायची आणि चाकू हातात धरून अर्धा तास बोलायची. मी म्हणायचो, "अगं, गायी वाट बघतायत." ती म्हणायची, "बघू देत. त्यांना कुठं घड्याळ कळतं, म्हाताऱ्या?"

मे महिन्यात गायी वरच्या कुरणात चढल्या त्या आठवड्यात नोएली गेली.

जाण्याच्या आदल्या दुपारी तिनं थोडंसं सूप घेतलं होतं. मी पलंगाजवळच्या टेबलावर पाव कापून दिला होता. चाकू तिथं उघडाच राहिला. नंतर मी तो स्वयंपाकघरात आणला, पुसला, तेल लावलं, पण मिटला नाही. माझ्या ताटाच्या जागी उघडा ठेवला. शेतावर न्यायला दुसरा एक साधा चाकू होता. हा तसाच राहिला. उन्हाळाभर मी त्याच्यासमोर जेवलो आणि न मिटता उठलो. एकट्यानं जेवणाऱ्याला विचारणारं कुणी नसतं.

रविवारी मात्र सोलांज यायची. रोदेझ शहराहून, नवरा यानिक आणि तीन वर्षांची लिझों यांना घेऊन. जेवण व्हायचं, चीज व्हायचं, कॉफी व्हायची आणि सगळे माझ्या चाकूकडे बघत बसायचे. मी काही हात लावायचो नाही. अंधार पडायला लागला की सोलांज नाइलाजानं उठायची, जणू चोरी करतेय अशी. भांडी न घासता जायची. एकदा दारात मला म्हणाली, "बाबा, असं अर्ध्या जेवणातून उठून जायला मला नको वाटतं. घरी गेल्यावरसुद्धा पानावरच बसल्यासारखं वाटत राहतं. असंच असेल तर मी कशी येऊ?"

 ती यायची थांबली असती तर माझ्याकडे काय उरलं असतं हे मला कळत होतं. तरीही हात चाकूपर्यंत जायचा नाही.

ऑक्टोबरात गायी खाली उतरल्या. त्या रविवारी सोलांजनं आलिगो केला होता, तिच्या आईसारखाच, बटाट्यात चीज घोटून घोटून. डाव वर उचलला की तार छताला लागेल असं वाटायचं. लिझों टाळ्या पिटत होती. नंतर चीजचं ताट आलं. लिझों कंटाळली, खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि तिनं चाकूवरच्या मधमाशीकडे हात लांब केला.

यानिक बालवाडीत काम करतो. पोरीचा हात आणि उघडं पातं दिसल्यावर त्यानं विचार केला नाही. चटकन माझा चाकू उचलला आणि मिटला. पातं सोडून दिलं. खाड!

तो समुद्राकडचा माणूस. दुसऱ्याच्या चाकूला जेवताना हात लावायचा नसतो हे त्याला ठाऊक होतं, पण त्या क्षणी तो विसरला.

 मी उठलो. चाकू उचलून खिशात घातला आणि गोठ्यात गेलो. गायींमध्ये उभं राहून उघडला. धारेच्या मध्यावर दात पडला होता. बोट फिरवलं तर अडकत होतं. ती शेवटची दुपार मी मिटली नव्हती, ती दुसऱ्याच कुणी मिटली. मला यानिकचा राग आला, आणि रागावून करायचं काय तेही सुचेना.

थोड्या वेळानं यानिक आला. बूट शेणात रुतवत.

"बाबा, मारायचं असेल तर तुम्हीच मारा. सोलांजपेक्षा तुमचा मार बरा."

"तुला मारायला चाकूला धार कुठं ठेवलीस?"

तो जवळ आला. दात बघून त्याचं तोंड पडलं. "दुरुस्त होतो का हा?"

"होतो. पातं आणखी थोडं झिजेल."

"मी करू? मला दाखवा तुम्ही."

"तुझ्या हातात धार लावायचा दगड द्यायचा? तुमच्याकडे निदान माशांचे खवले तरी काढता येतात का रे?"

"आमच्याकडे मासे दुकानातूनच साफ करून आणतात."

मला हसू आलं. मेपासून बहुधा पहिल्यांदाच. पन्हळाशेजारी धार लावायचा दगड होता. मी तो भिजवला आणि चाकू त्याच्या हातात दिला. "दाबू नकोस. दगडावरून पातळ साल काढतोयस असं समज. आता उलट बाजू. सावकाश, कुणी मरत नाहीये."

बोलून गेलो आणि दगडावर आणखी पाणी शिंपडलं. 

यानिक वर न बघता म्हणाला, "तुम्हाला तो मिटायचा नव्हता ना?"

"नाही."

यानिक दात जाईपर्यंत घासत राहिला. मग बाहीला पुसून, पातं आपल्याकडे आणि मूठ माझ्याकडे करून चाकू परत दिला. इतकं तरी शिकला होता.

आम्ही घरात आलो तर टेबल तसंच होतं. पाव, चीज, गार झालेला आलिगो. सोलांज जागची हलली नव्हती. लिझों तिच्या मांडीवर पेंगत होती.

"अगं, आवरलं नाहीस?" मी म्हटलं.

"जेवण कुठं संपलंय? घरच्या थोरल्यानं मिटला नाही तर मिटला म्हणत नाहीत. आईनं मला हेच शिकवलं." तिनं नवऱ्याकडे डोळे वटारून बघितलं. "आणि हे पाहुणे तर कुणाचंही मिटतात."

"बस की गं आता," यानिक पुटपुटला.

मी माझ्या जागी बसलो आणि चाकू उघडा ठेवला. सोलांजनं हात पुढे केला.

"दे तुझा, बाबा. माझा बोथट झालाय. शेवटचा तुकडा घेते."

तिचा चाकू बाजूलाच होता. दिव्याच्या उजेडात लखलखत होता. मी माझा दिला. तिनं नखाएवढा तुकडा कापला, आणि चाकू हातात धरून बोलायला लागली. रोदेझमधली शेजारीण, बालवाडीतलं एक चावरं पोर, लिझोंनं बुटात लपवलेलं अंडं. यानिक मधूनच "असं झालंच नव्हतं" म्हणत होता. बाहेर गायी हंबरायला लागल्या. मी त्यांना थांबू दिलं.

तिचं बोलून झालं तेव्हा तिनं चाकू माझ्यासमोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

मी तो उचलला. पातं अंगठ्यानं धरलं आणि हळूच आत नेलं. आवाज जवळजवळ झालाच नाही.

लिझोंनं डोळे उघडले. "उठू?"

"ऊठ," मी म्हणालो.

सोलांजनं भांडी गोळा केली. यानिकनं बाह्या सरसावल्या. मी चाकू विजारीच्या उजव्या खिशात टाकला आणि गायींकडे गेलो. चालताना तो मांडीला लागत होता.