कागदावरची वेगळी चूल

मित्रांनो, मी एक जुनी शिधापत्रिका आहे. हे माझं कागदोपत्री नाव. पिंपरी पेंढारच्या ज्या घरात माझा जन्म गेला, तिथे या नावाने मला कुणी एकदाही ओळखलं नाही. तिथे मी आपलं रेशनकार्ड. रंग केशरी, घड्या झिजलेल्या, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. त्या डागाचा मला पूर्वी फार राग यायचा.

माझी माणसं मूळची आंबेगावच्या डोंगराकडची. तिथे भातखाचरं थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून सावळेराम बायकोला घेऊन खाली कामाला आला आणि इथलाच झाला. रांगेत उभं राहून त्याने मला मिळवलं आणि सदऱ्याच्या आत धरून घरी आणलं. माझ्या आतल्या पानावर तेव्हा तीन नावं होती: सावळेराम, त्याची बायको गोजरबाई आणि मुलगा गोरख. पुढे गोरखची बायको उज्ज्वला आली, तिचं नाव चढलं. मग नात आरती झाली, तिचं चढलं. पाच नावं! शेजारच्या कार्डावर अकरा होती म्हणा, पण त्यांच्याकडे भांडणंही तेवढीच होती.

सावळेराम गेला तेव्हा त्याच्या नावावर लाल रेघ आली. माझ्यावरची ती पहिली रेघ. पुढे सरकारने घरातल्या मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख करायचं ठरवलं आणि माझ्या पहिल्या पानावर गोजरबाईचा फोटो चिकटला. फोटोसाठी ती नवं लुगडं नेसून गेली होती आणि फोटोत आला नुसता चेहरा. "मी परमुख?" असं म्हणून ती दिवसभर हसत होती. पण त्या दिवसापासून तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलं आणि घरात कुणाला हात लावू दिला नाही.

ते माझे मानाचे दिवस होते. धान्य तर माझ्यावर मिळायचंच, पण आरतीचा शाळेतला दाखला, गॅसची जोडणी, बँकेतलं खातं, सगळीकडे आधी मला विचारायचे. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. माझ्यावर जे लिहिलंय ते खरंच असणार, असं ती धरून चालायची. मला याचा अभिमान वाटायचा. तोच आता खुपतो.

आरतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न आला. गोरख आळेफाट्याला एका गॅरेजमध्ये मिस्त्री होता. त्या पगारात भागेना, म्हणून त्याने दुसरं काम धरलं. पहाटे पोपटलालशेठच्या पिकअपमधून टोमॅटो बाजारात पोचवायचे आणि मग दहाला गॅरेज गाठायचं. शेठ माणूस चोख. दरमहा वेळेवर पैसे द्यायचे आणि नियमाप्रमाणे त्यातून थोडा टॅक्स कापून भरायचे.

आळेफाट्याला चांगदेव नावाचा माणूस संगणकावर लोकांचे फॉर्म भरून देतो. तो गोरखला म्हणाला, "गोरखभाऊ, तुमचा टॅक्स बसतच न्हाई. रिटर्न भरू, कापलेलं माघारी येतंय."

रिटर्न भरलं, कापलेलं परत आलं आणि गोरखने घरी पेढे आणले. पण त्या रिटर्नमध्ये दोन्ही कामांचं उत्पन्न पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसलं होतं आणि बेरीज रेशनच्या मर्यादेपलीकडे गेली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

काही महिन्यांनी गोजरबाई मला घेऊन दुकानात गेली. अंगठा लावला. दुकानदार भिमाजी मशीनकडे बघत राहिला. "आजी, अंगठा लागतोय, पण धान्य येईना. घरात टॅक्सवाला मानूस दिसतोय."

"माझा गोरख? त्याच्या बोटांचं काळं ऑइल निघत न्हाई, तो कसला टॅक्सवाला?"

पाठोपाठ त्याच कारणाने तिची म्हातारपणाची सरकारी पेन्शनही बंद झाली. गोरख म्हणाला, "आई, मी हाय ना. मी घालतो तुला खायला." त्यावर ती म्हणाली, "तुझं पोरीला लागतंय, बाबा. माझ्या घासापुरतं माझं व्हतं, तेवढं गेलं बघ." ते ऐकून गोरख पुन्हा चांगदेवकडे गेला. पहाटेचं काम सोडलं तर आरतीचं शिक्षण अर्ध्यावर राहणार होतं.

चांगदेवने तोडगा काढला. "कार्ड फोडा. तुमा तिघांची नावं यातनं कमी करू, तुमाला दुसरं कार्ड. आजी वेगळी ऱ्हाती असं दाखवायचं. कागदावर फकस्त, राव. लई जण करत्यात."

मित्रांनो, गोरख वाईट नव्हता. आईचा मान तिला परत मिळावा एवढंच त्याला हवं होतं. पण कार्ड वेगळं करायचं तर चूल वेगळी दिसावी लागते, आणि ती बघायला रेशन ऑफिसातले साहेब येणार होते. पडवीत तीन विटा मांडून चूल केली.

गोजरबाईच्या डोंगराकडे एक रीत आहे. घर वेगळं झालं की जुन्या चुलीतला विस्तव नव्या चुलीत न्यायचा, म्हणजे नातं विझत नाही. पळी हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. उज्ज्वला गॅसवर भाकरी भाजत होती.

"गॅसातनं इस्तू कसा न्यायचा गं?" गोजरबाईने विचारलं. शेवटी म्हातारीने काडेपेटीतली काडीच ओढली.

साहेब आले, चूल पाहिली, कागद पुढे केला आणि वाचून दाखवला. 'मी मुलापासून विभक्त राहते.' गोजरबाईने अंगठा दिला. माझ्यावर तीन लाल रेघा आल्या. पानावर तिचं एकटीचं नाव उरलं.

साहेब गेल्यावर उज्ज्वलाने हाक मारली, "आत्या, चला, जेवायला वाढलंय."

"न्हाई, बाई. अंगठा दिलाय मी."

"अवो, ते कागदापुरतं व्हतं!"

"मग कागद खोटा व्हता का? सरकारचं खायचं आन् त्येलाच खोटं सांगायचं, हे माझ्यानं व्हनार न्हाई. लिवलंय तसं ऱ्हाते."

सगळ्यांना वाटलं, आठवडाभराचा हट्ट आहे. गोरखने समजावलं, रागावला, एकदा रडलासुद्धा. ती बधली नाही. आरतीने हॉस्टेलवरून फोन केला, तिलाही हेच उत्तर. धान्य आणि पेन्शन पुन्हा सुरू झाली आणि त्याबरोबर एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन घरं सुरू झाली.

मी आता पडवीत, तिच्या उशाखाली असायचे. म्हणून पुढचं सगळं मला पाहावं लागलं. एकट्या माणसासाठी रोज चूल पेटवायचा तिला कंटाळा यायचा. सकाळची भाकरी ती रात्री खायची, कधी दुसऱ्या दिवशीही. उज्ज्वला रोज वाटीभर कालवण आणून द्यायची. सुनेच्या हातचं म्हणून गोजरबाई ते घ्यायची, पण शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवू नये म्हणतात ना, म्हणून वाटी धुऊन तिच्यात मूठभर रेशनचे तांदूळ घालून परत द्यायची. ती वाटी हातात घेताना उज्ज्वलाचे डोळे भरून यायचे. आपल्या सासूची आपण शेजारीण झालो, हे तिला रोज नव्याने कळायचं.

गोरख पहाटे जायचा, दिवस मावळल्यावर यायचा. पडवीत डोकावला की आई त्याला पाट द्यायची, चहा करायची आणि विचारायची, "बरं हाय का?" एखाद्या पाव्हण्याला विचारावं तसं. तो कप हातात धरून बसायचा. "आरतीचं हे शेवटचं वरीस, आई," तो म्हणायचा. "मग सोडतो पहाटंचं काम. पुना एक करू कार्ड."

"करू की," ती म्हणायची. ती वाट बघत होती. रात्री मला उशाखालून काढून ती पान उघडायची आणि त्या लाल रेघांवरून बोट फिरवायची. कुठल्या ओळीत कुणाचं नाव आहे, हे तिला जागेवरून पाठ होतं.

पौषातल्या एका सकाळी पडवीतून धूर निघाला नाही. उज्ज्वला धावत आली. गोजरबाई कुशीवर निजल्यासारखी होती. गोरखला बाजारात फोन गेला, तेव्हा त्याच्या गाडीतले टोमॅटो निम्मे उतरून झाले होते.

तेरावं झाल्यावर नाव कमी करायला गोरख मला घेऊन ऑफिसात गेला. खिडकीतल्या कारकुनाने पान उघडलं. तो काही दुष्ट नव्हता, रोजचंच विचारत होता.

"कोण लागता तुम्ही यांचे?"

"मुलगा."

"कार्डावर तर एकट्याच आहेत. कुटुंबात दुसरं कुणी नाही."

माझ्यावर जे लिहिलंय ते लोक खरं मानतात, मित्रांनो. त्या दिवशी मी खोटी असते तर किती बरं झालं असतं! शेवटच्या नावावर रेघ आली. "जमा करा," कारकून म्हणाला. "आईचा फोटू हाय त्याच्यावर, साहेब," गोरखने हात जोडले. तेव्हा 'रद्द' असा शिक्का मारून कारकुनाने मला परत दिलं.

मी काही मोठ्या कामाची उरलेली नाही, म्हणून दोन शब्द सांगते. दुसरं काम जरूर धरा, कष्टाला लाज नाही. पण त्याने घरातलं काय काय हलणार आहे, ते जाणत्या माणसाला आधी विचारा. आणि मला जपलं नाहीत तरी चालेल, डाग पडले तरी चालतील. पण माझ्यासाठी घरातल्या कुणाचं ताट वेगळं करू नका. कागद पुन्हा जोडून मिळतो.

आता मी उज्ज्वलाच्या फडताळात आहे. माझ्याशेजारी ती वाटी आहे, शेवटच्या दिवसाची. गोजरबाईने ती धुऊन, तांदूळ घालून, परत द्यायला म्हणून चुलीशेजारी ठेवली होती. मूठभर तांदूळ अजून तसेच आहेत. ते शिजवावेत की ठेवावेत, हे उज्ज्वलाला ठरवता आलेलं नाही.