कोण आहे तो?

उलटी करून थोरली तोंड धुते न धुते तोच आईने तिला मोरीच्या दारात अडवलं.

"कोण आहे तो?"

"कोण तो? आई, कारखान्यातल्या सोल्यूशनचा वास चढलाय गं!"

"मला शेंड्या लावू नकोस. गरगरतंय काय, ओकतेस काय... तीन पोरं काढलीत मी."

झालं! बाईमाणसाला चक्कर आली की जगाला एकच कारण सुचतं. पित्त होऊ नये, कान बिघडू नये, शिळंपाकं बाधू नये, थेट पाळणाच! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न नाही, कुणाशी दोन शब्द बोलायला सवड नाही, आणि सख्खी आई संशय घेते!

"इतकी वर्षं तोच वास घेतेस," आई म्हणाली. "आत्ताच बरा चढला?"

"मालकाने परवा खिडक्यांना खिळे ठोकलेत. ओल्या सोलवर धूळ बसते म्हणे."

"उद्या येतेच मी बघायला. तसलं काही निघालं ना, तर कामही बंद आणि घराबाहेर पाऊलही बंद."

आणि आली की खरंच! चपलांच्या कारखान्यातल्या त्या कोंदट खोलीत लेकीशेजारी स्टुलावर ठाण मांडून बसली. बायका ब्रशने सोलला चिकटवायचं सोल्यूशन फासत होत्या. पुरुष म्हणाल तर एकटा मालक, तोही दाराबाहेर पंख्याखाली. आई त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिली. थोरली दातओठ खात ब्रश फिरवत राहिली. बस म्हणावं, चांगली बस.

थोड्या वेळाने आईने टेबलाची कड धरली. "अगं, हे फिरतंय काय?" म्हणेपर्यंत तिला भडभडून आलं आणि ती सोलच्या टोपलीतच ओकली.

मालक नाकाला रुमाल लावून दारात आला. "उपाशीपोटी आलात वाटतं, मावशी. माल खराब केलात की!"

थोरली आईची पाठ चोळत होती. बोलू नये हे कळत होतं, तरी बोललीच. "कितवा महिना गं, आई?"

आई पुन्हा एकदा टोपलीत ओकली.

"आणि कोण तो, कोण तो करत होतीस ना? तो बघ. नाकाला रुमाल लावून उभा आहे."

आई भिंत धरून उठली. तोंड पुसलं. मालकाकडे एकदा नीट बघितलं आणि टेबलावरची हातोडी उचलली. खिळे उपटत बसायला तिच्यात दम नव्हता. तिने सरळ खिडकीची काच फोडली.