मुकादमाची नळी

दवाखान्यातल्या व्यायामाच्या वर्गात पाथरवटाने मुकादमाचं नाक फोडलं, तेव्हा त्या दोघांच्या छातीत मिळूनसुद्धा एका धडधाकट माणसाइतका दम नव्हता.

पाथरवट तिथे यायला लागून महिना झाला होता. बावीस वर्षं फरशीच्या कारखान्यात दगड कापून त्याच्या फुप्फुसांत धूळ बसली होती. वर्ग घेणाऱ्या बाई अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. "दम लागला म्हणजे मेलो असं नाही, काका. तुम्ही घाबरून नुसता श्वास ओढत बसता, आतला बाहेर पडतच नाही. नाकाने घ्या, ओठांचा चंबू करा, आणि घेतलात त्याच्या दुप्पट वेळ सोडा. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही." मग दर फेरीला विचारायच्या, "दम दहापैकी किती?" पाथरवट म्हणायचा, "चौदा." तरी महिन्याभरात तो भिंतीला हात न लावता दहा मिनिटं चालायला लागला होता.

त्या सकाळी एक थोराड म्हातारा ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांवर ओढत आत आला. पाथरवटाने त्याला चालीवरूनच ओळखलं. कापायच्या पात्यावरचं पाणी बंद करणारा मुकादम तो हाच. पाणी असलं की धूळ खाली बसायची. ते गेलं आणि कारखाना पिठाच्या गिरणीसारखा पांढरा झाला. पाथरवटाच्या धाकट्या भावाने एकदा नळ पुन्हा सोडला, तर मुकादमाने त्याला सगळ्यांदेखत पट्ट्याने फोडून काढलं होतं. भाऊ चौतिसाव्या वर्षी रक्त ओकत गेला.

मुकादमाने डोळे बारीक केले. "तू होय? आहेस अजून? आणि तो तुझा भाऊ, नाजूक नार?"

पाथरवटाच्या हातात एक किलोचं लोखंडी डंबेल होतं. बाईंनी शिकवलं होतं तसा श्वास सोडत त्याने ते मुकादमाच्या तोंडावर हाणलं.

नाकाचं हाड कडकन मोडलं. पण मुकादम जुनं खोड. त्याने काठी फिरवली ती पाथरवटाच्या कानशिलावर बसली. पाथरवटाने त्याची मान धरली, त्याने पाथरवटाच्या मनगटात दात रुतवले. दोघं सिलिंडरवर आदळून खाली आले. बाकीचे रोगी भिंतीला चिकटले. ओरडायला त्यांच्याकडे तरी श्वास कुठे होता? बाई मध्ये पडल्या, तर पाथरवटाचं कोपर त्यांच्या ओठावर बसलं आणि ओठ फाटला.

पाथरवटाने मुकादमाच्या नाकातली नळी उपटून मुठीला गुंडाळली. आणि तिथेच त्याचाही दम संपला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. छाती वरखाली होत होती, पण हवा काही आत जात नव्हती.

"पुढे वाका!" बाई हनुवटीवरचं रक्त पुसत ओरडल्या. "हात मांडीवर. फुंकर सोडा. आधी सोडा! आणि ती नळी द्या इकडे."

पाथरवट वाकला. चंबू केला. मूठ मात्र उघडली नाही. समोर मुकादमाचे ओठ निळे पडत चालले होते.

"पाणी..." फुंकर. "का..." फुंकर. "बंद केलंस?"

"काम... हळू... व्हायचं."

"मालकाने... सांगितलं?"

मुकादमाने नकारार्थी मान हलवली. "मीच."

पाथरवट त्याच्याकडे बघत राहिला. बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखा ताठ फिरणारा हा माणूस पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा तोंड उघडमीट करत होता. तीन मोजेपर्यंत पाथरवटाने मूठ तशीच आवळून धरली. मग त्याला वाटलं, मेला तर सुटेल हा. त्यापेक्षा जगू दे. रोज संडासापर्यंत जाताना असाच तडफडू दे. त्याने नळी फेकली. बाईंनी ती मुकादमाच्या रक्ताळलेल्या नाकाशी धरली.

पोलीस आले, जबाब झाला, दवाखान्याचं दार पाथरवटाला कायमचं बंद झालं. बाईंच्या ओठाला चार टाके पडले. त्याने त्यांचे पाय धरले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चालणं सोडू नका. आणि माझ्यासमोर येऊ नका."

चौथ्या दिवशी तो भावाच्या बायकोकडे गेला. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची. पायरी चढताना श्वास सोडायचा, थांबून घ्यायचा, असं करत तो वर पोचला. भावजयीने पुढे केलेल्या स्टुलावर न बसता त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. मुकादम काय बोलला तेही.

"मालकाचा हुकूम नव्हता?" तिने विचारलं.

"नव्हता."

"आणि नळी तुमच्या हातात होती?"

"होती."

तिने फाडकन त्याच्या मुस्कटात मारली. लग्न होऊन आल्यापासून तिने या थोरल्या दिरासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्याचा श्वास चुकला. तो दाराची चौकट धरून वाकला. ती तशीच उभी राहिली, दुसऱ्यांदा हात उचलून. मग तो हात तिने स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला आणि खाली बसून मोठ्याने रडायला लागली.