चारशे बारा वेळा 'बस'

आमच्या ह्यांचं नाव परदेशातल्या जाडजूड पुस्तकांच्या तळटीपांत येतं आणि घरात साखर कुठल्या डब्यात आहे ते ह्यांना माहीत नाही. प्रोफेसर मधुसूदन दातार, कल्याणाचे अर्थशास्त्रज्ञ. कल्याण म्हणजे ठाण्याच्या पुढचं स्टेशन नव्हे, माणसाचं भलं. गरिबाचं भलं कशात आहे ते ह्यांना विचारा, दीड तास सांगतील. विचारू नका, तरी सांगतील.

ह्यांचं नाव झालं ते 'पुरे-रेषे'मुळे. सरकारं लोकांचं सुख मोजायला पोती नि कॅलरी मोजत बसतात. हे म्हणाले, छे! माणसालाच विचारा की, आणखी हवं का? तो 'बस' म्हणाला की तिथे रेषा ओढा. त्याच्या भल्याचं त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळतंय? ऐकायला किती छान! मलाही लग्नानंतर चार वर्षं फार छान वाटत होतं.

पण ह्यांचा जन्म पुण्याचा. एक प्रश्न, एक उत्तर, विषय संपला. मी सांगलीची. आमच्याकडे पंगतीत जो 'नको' म्हणेल त्याच्या पानात दुप्पट पडतं. आणि आम्हा दोघांची वरात आली कुठे, तर लखनौला! इथे पहिल्या विचारण्याला 'हाँ' म्हणणं म्हणजे आईबापांनी काही शिकवलं नाही.

पहिल्याच वर्षी शेजारचे सक्सेना नवरा-बायको घरी आले. मी मटार घालून पोहे केले, वर खोबरं, लिंबू. "अरे नहीं नहीं, अभी खाकर आए हैं," सक्सेना म्हणाले. "अच्छा, ठीक है," म्हणून ह्यांनी दोन्ही बशा उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या! बिचारी माणसं पोह्यांच्या वासात तासभर बसून उपाशी घरी गेली. पुढे वर्षभर गल्लीत बोलबाला होता, की मराठी लोग पूछते नहीं, हटा देते हैं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना काहीच झालं नाही.

अशा माणसाने लखनौबाहेरच्या चिनहट गावात पाहणी काढली. साल चौऱ्याऐंशी. गावातल्या बायका परक्या पुरुषाशी बोलायच्या नाहीत, म्हणून घरोघर फिरले कोण? मी. कुंभारांच्या घरांतून, हातात ह्यांचे फॉर्म घेऊन. 'धान्य पुरतं का? आणखी हवं का?' जी ती म्हणे, "बस बहिनजी, भगवान का दिया सब है." चारशे बारा घरं, चारशे बारा 'बस'. हे रात्री फॉर्म चाळताना आनंदाने अक्षरशः नाचले.

त्यातल्याच एका रामकलीच्या घरी मी छत्री विसरले होते. दुसऱ्या दिवशी आणायला गेले, तेव्हा हातात फॉर्म नव्हता. चहा पिता पिता सहज म्हटलं, "सच बताओ, अनाज पूरे साल चलता है?" ती हसली. "चार महीना, बहिनजी." मी उडालेच. "मग काल 'बस' का म्हणालीस?" तर म्हणते कशी, "पहिली बार में कौन हाँ कहत है?"

मी धावत घरी आले, ह्यांना सांगितलं, सगळ्यांना पुन्हा विचारू या. हे समजुतीच्या सुरात म्हणाले, "सुनीती, पुन्हा विचारलं की उत्तर बिघडतं. शास्त्रात त्याला दबाव म्हणतात." आणि ते चारशे बारा 'बस' पुस्तकात गेले. पुस्तक गाजलं. कुठल्या कुठल्या देशांत त्या रेषेच्या आधाराने लोकांच्या ताटातलं काढून घेतलं गेलं असेल, देव जाणे. मी पुन्हा बोलले नाही. लाज वाटते मला त्याची, अजून वाटते.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. आमचा हृषीकेश पुण्यात असतो. बाबांचं वय झालं, लखनौतलं विकास नगरचं घर विकून टाका आणि इकडे या, असं त्याने फोनवर काढलं. "मम्मी, अब छोड़ो ना यार, कितना अकेले रहोगे!" मराठी कळतं त्याला, बोलतो हिंदी. ह्यांनी फोन बाजूला धरून विचारलं, "सुनीती, पुण्याला जायचं. चालेल ना?"

मी म्हटलं, "मला काय, चालेल."

झालं! ह्यांनी माझी रेषा ओढून टाकली. आणि मला? मला मुळीच जायचं नव्हतं. या सेक्टरातल्या कुठल्या लग्नात माझ्या ढोलकीशिवाय हळद लागली आहे का, विचारा कुणालाही. सांगलीची बाई बन्ना-बन्नीची लग्नगीतं गाते म्हणून आधी हसायच्या, आता तारखा मला विचारून ठरवतात. इथे मी सुनीती भाभी आहे. पुण्याला अकराव्या मजल्यावर मी कोण? हृषीकेशची आई, आणि लिफ्टमध्ये आजी. रोज वाटायचं, हे आज तरी पुन्हा विचारतील. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

परवा सकाळी निगम साहेब घराचा सौदा पक्का करायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, इथलेच. बयाण्याचं, म्हणजे विसाराचं, पाकीट टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "भाभीजी, घर तो औरत का होता है. आप राज़ी हैं ना?"

"हाँ हाँ, क्यों नहीं," मी म्हटलं.

चहा झाला, खस्ता कचोरी झाली. ह्यांनी पेन उघडलं. निगम पुन्हा म्हणाले, "फिर भी, भाभीजी, कोई बात हो तो..."

"अरे नहीं, आप लोग बस खुशी से रहिए." माझा आवाज जरा हलला. हे कागद वाचत होते, त्यांना काय ऐकू येणार!

निगमांनी पाकिटावर हात ठेवला. "गुस्ताख़ी माफ़, तीसरी बार पूछ रहा हूँ. सच-सच बताइए."

मी 'हाँ' म्हणायलाच तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ. बाहेर आलं, "नहीं. मुझे नहीं जाना."

निगमांनी पाकीट शांतपणे खिशात घातलं. "बस, इतना ही जानना था." वर आणखी एक खस्ता मागून घेतला. त्यांना दारापर्यंत सोडून मी आत आले, तर हे लालबुंद.

"मी तुला विचारलं होतं! दिवाळीत! तू 'चालेल' म्हणालीस."

"म्हणाले."

"मग ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. पहिलं होतं."

ह्यांच्या हातातलं उघडं पेन कागदावर टेकलं, शाईचा डाग पसरत गेला. मग म्हणाले, "चिनहटच्या त्या बायका..."

"त्याही," मी म्हटलं. "सगळ्या."

पंचाहत्तरीचा माणूस बघता बघता खुर्चीत लहान झाला. इतकी वर्षं चडफडले मी त्यांच्यावर, पण त्या क्षणी दया आली. म्हटलं, बाई गं, जास्तच बोललीस. चहा टाकायला उठले, तर मागून हाक आली.

"सुनीती, तुझ्या वडिलांनी माझ्याबद्दल तुला किती वेळा विचारलं होतं?"

"एकदा."

मग हे चाचरत म्हणाले, "इथे राहायचं तर माझ्याबरोबरच राहावं लागेल. चालेल तुला?"

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, झालं, विषय संपला. पण हे तसेच बघत राहिले. "नाही, म्हणजे... पुन्हा विचारतो. नक्की चालेल?"

पंचेचाळीस वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी दुसऱ्यांदा विचारलं होतं. मला एकदम रडूच फुटलं.

"तिसऱ्यांदा विचारा," मी म्हटलं, "मग सांगते."