गाळा नंबर अकराची नोटीस

मी गाळा नंबर अकरा. लातूरच्या बाजारात, नगरपालिकेच्या संकुलात, मागच्या रांगेला जिन्याच्या बगलेत असतो. घाईत असाल तर जा बापडे. सवड असेल तर ऐका.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच साली माझ्या भिंती उभ्या राहिल्या. लोकांना काय उत्साह! आता कचेऱ्या येणार, साहेब येणार, बाजार फुलणार. मंजूर नकाशावर माझ्या चौकोनात दोनच शब्द होते, 'किरकोळ विक्री'. जन्माआधीच माझं नशीब लिहून मोकळे झाले, मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग पाऊस रुसला. एक साल, दोन सालं. गिऱ्हाईकच नाही तर मागच्या रांगेत दुकान कोण थाटणार? मी आपला शटर मिटून पडलेला. फटीतून उन्हाची तिरीप यायची, भिंतीवरून हळूहळू चालत जायची, आणि मी स्वप्नं बघायचो. कधी वाटायचं, आपल्यात पाळणा टांगलाय. कधी वाटायचं, कुणीतरी पाढे म्हणतंय. साबण-खोबरेल विकायचं स्वप्न मात्र मला एकदाही पडलं नाही, खरं सांगतो.

एका दुपारी पंचशीला आली. अर्धापूरची लेक, लातूरला दिलेली, नांदेडला टायपिंग शिकलेली. शटर वर करून ती नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "सहा मशिनी बसतील." माझ्या अंगावर काटाच आला!

नव्या कचेऱ्यांना कारकून हवे होते आणि टायपिंगच्या सर्टिफिकेटाशिवाय कुणाचा अर्ज घेत नव्हते. सहा पोरी तिच्या घरी एकाच मशिनीवर पाळीपाळीनं शिकत होत्या. परीक्षेला बसवायचं तर क्लासच्या जागेला मंजुरी हवी, तीही मार्चअखेर. ती हुकली की परीक्षा हुकली, भरतीही हुकली. रानात तर काही उगवत नव्हतं. सहा घरांचे डोळे त्या नोकऱ्यांकडे लागलेले.

नगरपालिकेचे कारकून व्यंकटराव म्हणाले, "वापर बदलायचा तर शटरवर तीस दिस नोटीस लावावी लागती. कुणाची हरकत आली तर ऐकायची. मग सायबाची सही."

नोटीस लागली आणि हरकत आलीच. शेजारच्या दहा नंबरात ईश्वरप्पांचं कापडदुकान. "टकटकीनं माझं डोकं उठंल, गिऱ्हाईक बी उठंल," असं त्यांनी लेखी दिलं.

ती नोटीस शिपायानं ज्वारीच्या पिठाची खळ करून चांगली थापून लावली होती, आणि तिथंच घोळ झाला. दुष्काळाचं साल, कुठं हिरवी काडी नाही, आणि कागदाला पिठाचा वास! बाविसाव्या दिवशी एका शेळीनं नोटीस खळीसकट फस्त केली. माझं शटर चाटून लख्ख केलं. गुदगुल्या झाल्या, पण हसू आलं नाही.

"नोटीस न्हाई, म्हंजे दिवस भरले न्हाईत," व्यंकटराव म्हणाले. "पुन्हा एकपासून."

मार्च संपायला मोजून एकतीस दिवस उरले होते. पंचशीला दारातच मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आपल्याला हात नाहीत याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

शेळी भामाबाईची. चाकूरकडची बाई, जगायला शहरात आलेली. दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली आणि भामाबाई काठी घेऊन आली. "बाई, माझ्या जित्राबानं तुमचं वाटोळं केलं. आता मी बसते हितं." आणि बसली की हो! सकाळी संकुलाचं फाटक उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत, रोज. कुत्रं फिरकू दिलं नाही तिनं नोटिशीजवळ.

तिसाव्या दिवशी व्यंकटराव पंचनाम्याला आले. "नोटीस सगळे दिस व्हती, याला साक्षीदार कोण?"

"मी की!" भामाबाई पुढं झाली.

"शेळी तुझीच ना? तुझी साक्ष चालत न्हाई."

मग सगळ्यांच्या नजरा ईश्वरप्पांकडे वळल्या. त्यांनी एक 'न्हाई' म्हटलं की खेळ खलास. माझ्या भिंती असून नसल्यासारख्या झाल्या.

ईश्वरप्पांनी हातातला गज खाली ठेवला. "माझी हरकत हाय. आज बी हाय," ते म्हणाले. "पर नोटीस तीस दिस व्हती. रोज दुकान उघडताना बघून राहिलो. खोटं कसं बोलू?" आणि सही ठोकून ते पुन्हा कापड मोजायला लागले.

साहेबांनी हरकत ऐकली. दुपारी दोन तास मशिनी बंद, एवढी अट घातली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी माझ्या चौकोनात लाल शाईनं लिहिलं गेलं, 'व टंकलेखन वर्ग'. पहिली मशीन वाजली तेव्हा मी जागा आहे की स्वप्नात, कळेना. सहापैकी चार पोरी नोकरीला लागल्या. दोघी दुसऱ्या खेपेला.

ईश्वरप्पांनी हरकत कधी मागं घेतली नाही. वर्षानुवर्षं भिंतीवर गज आपटून ओरडायचे, "हळू गं पोरींनो!"

आज सकाळी ते गेले. क्लास बंद आहे. एका नव्या पोरीनं विचारलं, "आपल्याला विरोध करणारे तेच ना, मॅडम?"

"हाव, तेच," पंचशीला म्हणाली. "त्यांच्या सहीवर आपला क्लास उभा हाय."

शेजारी माणसं जमलीत. मला जागचं हलता येत नाही. आप्पांच्या मातीला माझ्या वतीनं तेवढं तुम्ही जा.